हरण्याची रीत : दोस्तोयेव्हस्कीच्या चरित्रातील द्यूतपर्व

१

द्यूत हा विषय भारतीय वाचकाला अपरिचित नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तात फाशांच्या मोहापायी घर गमावलेला जुगारी स्वतःच आपली दैना सांगतो. महाभारताच्या सभापर्वात धर्मराज राज्य, बंधू, स्वतः आणि अखेर पत्नी या क्रमाने सर्वस्व पणाला लावतो. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’तील संवाहक हरल्यावर द्यूतगृहाच्या चालकापासून जीव घेऊन पळतो आणि पुढे भिक्षू होतो. या तिन्ही ठिकाणी द्यूताकडे पाहिले आहे ते हरणाऱ्याच्या बाजूने. जिंकणाऱ्याला फारसे चरित्र नसते. हरणाऱ्याला ते असते, हे प्राचीनांनी ओळखले होते. एकोणिसाव्या शतकातील रशियन कादंबरीकार फ्योदोर मिखाइलोविच दोस्तोयेव्हस्की (१८२१–१८८१) याच्या आयुष्यातील रूलेटचे पर्व याच दृष्टीने तपासण्याजोगे आहे.

या पर्वाविषयी चरित्रलेखनात दोन सुलभ भूमिका आढळतात. पहिली भूमिका जुगाराला थोर लेखकाच्या चारित्र्यावरील डाग मानते आणि त्याची वासलात दोन परिच्छेदांत लावते. दुसरी भूमिका त्याच डागाला अलंकार करते. हरल्याशिवाय ही प्रतिभा पेटत नसे, असे तिचे म्हणणे असते. दोन्ही भूमिकांत एक गोष्ट निसटते. हरणे हा एकदाच घडणारा प्रसंग नसतो. तो दिवसेंदिवस सोसावा लागतो, त्यासाठी पत्रे लिहावी लागतात, वस्तू गहाण पडतात आणि त्याची किंमत बहुधा हरणाऱ्याखेरीज दुसरेही कोणी मोजत असते.

या काळाची साधने विपुल आहेत. दोस्तोयेव्हस्कीची स्वतःची पत्रे, अपोलिनारिया सुस्लोव्हाची १९२८ मध्ये प्रसिद्ध झालेली दैनंदिनी आणि त्याची दुसरी पत्नी आन्ना ग्रिगोर्येव्हना हिने मागे ठेवलेल्या दोन साक्षी ही त्यांतील प्रमुख होत. आन्नाची एक साक्ष म्हणजे १८६७ मध्ये परदेशात लघुलिपीत लिहिलेली दैनंदिनी. दुसरी म्हणजे वृद्धापकाळी रचलेल्या आणि तिच्या मृत्यूनंतर १९२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठवणी. एकाच स्त्रीच्या या दोन साक्षी एकमेकींशी पूर्णपणे जुळत नाहीत आणि ही विसंगती प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मोलाची आहे.

२

पैशाविषयीची बेफिकिरी दोस्तोयेव्हस्कीत तरुणपणापासून दिसते. मॉस्कोतील गरिबांच्या रुग्णालयात त्याचे वडील डॉक्टर होते. १८३७ मध्ये आई आणि १८३९ मध्ये वडील गेले. सेंट पीटर्सबर्ग येथील लष्करी अभियांत्रिकी विद्यालयातून बाहेर पडल्यावर हाती येणारी रक्कम बिलियर्ड आणि डॉमिनो या खेळांत उडवल्याचे त्या काळच्या त्याच्या एका सहनिवासी मित्राने नोंदवले आहे. १८४४ मध्ये त्याने नोकरी सोडली आणि १८४६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्याच कादंबरीने त्याला कीर्ती मिळाली. पेत्राशेव्हस्की मंडळाशी असलेल्या संबंधामुळे एप्रिल १८४९ मध्ये त्याला अटक झाली. २२ डिसेंबर १८४९ रोजी (रशियातील तारखा येथे तत्कालीन जुन्या पंचांगानुसार दिल्या आहेत) त्याला इतर कैद्यांसह वधस्थानी उभे करण्यात आले आणि ऐन क्षणी शिक्षा बदलल्याचे वाचून दाखवण्यात आले. त्यानंतर ओम्स्क येथे चार वर्षांची सक्तमजुरी आणि पुढे सेमिपलातिन्स्क येथे सैनिकी सेवा त्याने भोगली. राजधानीत तो परतला तो १८५९ च्या अखेरीस.

वधस्थानावरील त्या काही मिनिटांचा आणि पुढच्या द्यूतासक्तीचा संबंध अनेक अभ्यासकांनी जोडला आहे. सर्व काही संपले असे वाटत असताना एका शब्दाने सर्व काही परत मिळते, हा अनुभव ज्याने देहाने घेतला, त्याला फिरत्या चाकावरील गोळीची भाषा ओळखीची वाटली असेल, हे मानसशास्त्रीय दृष्ट्या संभवते. मात्र याला पुरावा म्हणता येणार नाही. त्याच चौथऱ्यावर उभे राहिलेले इतर कैदी जुगारी झाले नाहीत. त्यामुळे या साम्याकडे कारण म्हणून न पाहता एक सूचन म्हणून पाहणेच इष्ट ठरते.

३

ऑगस्ट १८६३ मध्ये पॅरिसला जाताना दोस्तोयेव्हस्की वाटेत वीस्बाडेन येथे चार दिवस थांबला. त्याची पहिली पत्नी मारिया क्षयाने आजारी होती. ज्येष्ठ बंधू मिखाइल याच्या सहकार्याने चालवलेले ‘व्रेम्या’ हे मासिक त्याच वर्षी सरकारने बंद केले होते. आणि पॅरिसमध्ये तरुण सुस्लोव्हा त्याची वाट पाहत असल्याची त्याची समजूत होती. वीस्बाडेनमध्ये त्याने १०,४०० फ्रँक जिंकले. पैसे पेटीत बंद करून निघून जाण्याचा निश्चय केला, पण पुन्हा द्यूतगृहात जाऊन त्यातील निम्मे गमावले. तरीही सुमारे ५,००० फ्रँक उरले आणि त्यातील काही रक्कम त्याने पत्नीच्या आजारपणासाठी घरी पाठवली. जुगाऱ्याच्या आयुष्यातील सर्वांत घातक घटना म्हणजे पहिले मोठे जिंकणे, हे सूत्र त्याच्या बाबतीत अक्षरशः खरे ठरले.

या विजयातून त्याच्या मनात एक सिद्धान्त रुजला. डोके शांत ठेवावे, उत्तेजित होऊ नये, ठरवलेल्या पद्धतीपासून ढळू नये. असे केल्यास हरणे अशक्य आहे, असे तो आप्तांना पत्रांतून समजावत राहिला. सिद्धान्ताचा वरपांगी तर्क निर्दोष भासतो, पण त्यातील मूळ गृहीतच चुकीचे आहे. होम्बुर्ग येथील चाकावर १ ते ३६ आणि एक शून्य अशी ३७ घरे असत. एका अंकावर लावलेला डाव जिंकल्यास पस्तीसपट मिळे, परंतु तो जिंकण्याची शक्यता सदतीसांत एक. लाल किंवा काळा या समसमान वाटणाऱ्या डावातही जिंकण्याची शक्यता सदतीसांत अठराच. म्हणजे खेळणारा शांत असो वा उत्तेजित, दीर्घकाळात प्रत्येक शंभर नाण्यांमागे सरासरी २.७ नाणी द्यूतगृहाकडेच जाणार. गोळीला मागील फेरीची स्मृती नसते आणि खेळणाऱ्याच्या मनोनिग्रहाची तिला दखलही नसते.

अभियांत्रिकी शिकलेल्या माणसाला हे गणित कळणे अवघड नव्हते. मग तो सिद्धान्ताला चिकटून का राहिला? याचे उत्तर सिद्धान्ताच्या रचनेतच आहे. संयमाने जिंकता येते असे मानले की प्रत्येक पराभवाचे खापर स्वतःच्या चंचलतेवर फोडता येते. खेळ निर्दोष राहतो, दोषी ठरतो तो खेळणारा. आणि दोष आपलाच असेल तर पुढच्या खेपेस तो सुधारता येईल ही आशा शिल्लक राहते. स्वतःला दोष देण्याची ही वृत्ती वरवर पश्चात्तापासारखी दिसते. प्रत्यक्षात ती पुन्हा खेळण्याची परवानगी असते.

पॅरिसमध्ये पोहोचल्यावर सुस्लोव्हाने त्याला उशीर झाल्याचे सांगितले. दरम्यान ती एका स्पॅनिश तरुणाच्या प्रेमात पडून निराश झाली होती. तरी दोघे भाऊ-बहिणीच्या नात्याने इटलीच्या प्रवासाला निघाले. वाटेत बाडेन-बाडेन येथे त्याने जवळचे बहुतेक सर्व गमावले आणि घरी पाठवलेल्या पैशांतूनच काही परत मागवण्याची नामुष्की ओढवून घेतली. प्रिय स्त्रीसमवेत प्रवास करणारा माणूस जुगार कसा खेळू शकतो, हे कोडे बंधू मिखाइलने पत्रातून विचारले. दोस्तोयेव्हस्कीने उत्तरादाखल पुन्हा आपल्या पद्धतीचे विवरण केले. प्रश्न प्रेमाविषयी होता. उत्तर मात्र खेळाविषयी आले.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये रोमहून त्याने निकोलाय स्त्राखोव्ह या टीकाकार मित्राला एका नियोजित कथेचा आराखडा कळवला. परदेशस्थ रशियन तरुण, ज्याची सारी जीवनशक्ती रूलेटवर खर्ची पडते, हा तिचा नायक होता. तुरुंगातील जीवनावरील आपले पूर्वीचे पुस्तक जसे कैद्यांच्या प्रत्यक्ष चित्रणामुळे वाचले गेले, तसे हे रूलेटच्या प्रत्यक्ष चित्रणामुळे वाचले जाईल, अशी त्याची अपेक्षा होती. ओम्स्कचा बंदिवास आणि द्यूतगृह यांची ही तुलना त्याने स्वतः केली आहे, हे महत्त्वाचे. एका तुरुंगात त्याला सरकारने डांबले होते. दुसऱ्यात तो पासपोर्ट घेऊन, रेल्वेचे तिकीट काढून गेला होता.

४

१८६४ या वर्षाने त्याचे घर उद्ध्वस्त केले. एप्रिलमध्ये पत्नी मारिया आणि जुलैमध्ये मिखाइल मरण पावला. मिखाइलचे कुटुंब, त्याची कर्जे आणि ‘एपोखा’ हे नवे मासिक या तिन्हींचा भार दोस्तोयेव्हस्कीने स्वीकारला. मासिक १८६५ मध्ये बुडाले. धनकोंनी कैदेची धमकी दिली तेव्हा त्याने स्तेलोव्हस्की या प्रकाशकाशी ३,००० रूबलांचा करार केला. या करारान्वये प्रकाशित साहित्याच्या एका आवृत्तीचे हक्क त्याने विकले आणि १ नोव्हेंबर १८६६ पर्यंत एक नवी कादंबरी देण्याचे मान्य केले. कादंबरी वेळेत न दिल्यास पुढील नऊ वर्षे तो जे लिहील ते मोबदल्याविना छापण्याचा अधिकार प्रकाशकाला मिळणार होता. हा करारही एक प्रकारचा डावच होता; फरक इतकाच की, येथे पणाला लागले होते ते अद्याप न लिहिलेले लेखन.

मिळालेली रक्कम बहुतांशी धनकोंना गेली. उरलेले पैसे घेऊन तो पुन्हा वीस्बाडेनला गेला आणि पाच दिवसांत घड्याळासह सर्व हरला. त्यानंतरच्या आठवड्यांचे वर्णन त्याने सुस्लोव्हाला लिहिलेल्या पत्रांतून कळते. खानावळीच्या चालकाने त्याला जेवण देणे बंद केले, फक्त चहा देऊ केला. आपण बाहेर जेवतो असा समज व्हावा म्हणून तो रोज दुपारी तीन वाजता बाहेर पडे आणि सहाला परते. भूक कमी लागावी म्हणून फारशी हालचाल न करता वाचत बसे. पुढे रात्रीची मेणबत्तीही नाकारण्यात आली. तुर्गेन्येव्हकडे त्याने १०० थालर मागितले, ५० आले. या ५० थालरांची परतफेड व्हायला सुमारे दहा वर्षे जावी लागली आणि त्या कर्जाने दोन थोर लेखकांमधील वैमनस्य अधिकच कडू केले.

सप्टेंबर १८६५ मध्ये याच अवस्थेत त्याने ‘रुस्की व्हेस्तनिक’ या मासिकाचे संपादक कात्कोव्ह यांना एका कथेची रूपरेषा कळवून ३०० रूबल आगाऊ मागितले. विद्यापीठातून बाहेर पडलेला, दारिद्र्याने गांजलेला एक तरुण, व्याजबट्टा करणाऱ्या म्हातारीचा खून आणि नंतरची मनोयातना असा तिचा आशय होता. हीच पुढे ‘गुन्हा आणि शिक्षा’ झाली. ज्याच्या खोलीत उजेड नाही, ज्याचे घड्याळ गहाण आहे, जो घरमालकाची नजर चुकवतो, अशा नायकाची कल्पना करण्यासाठी त्या क्षणी लेखकाला दूर जावे लागले नाही. परंतु येथेही सावधगिरी हवी. कादंबरीची नैतिक रचना, तिच्यातील विचारांची झुंज या गोष्टी वीस्बाडेनच्या खोलीने दिलेल्या नाहीत. त्या दीर्घ चिंतनातून आल्या. पराभवाने पुरवला तो तपशील आणि घाई.

५

ऑक्टोबर १८६६ उजाडला तेव्हा ‘गुन्हा आणि शिक्षा’ क्रमशः प्रसिद्ध होत होती आणि स्तेलोव्हस्कीच्या कादंबरीची एक ओळही लिहून झालेली नव्हती. मित्रांनी प्रकरणे वाटून घेऊन सामूहिक रीत्या कादंबरी पुरी करण्याची सूचना केली. दुसऱ्याच्या लेखनावर आपले नाव घालण्यास त्याने नकार दिला. तेव्हा लघुलेखनिकाची सोय करण्यात आली. ४ ऑक्टोबर रोजी वीस वर्षांची आन्ना स्नित्किना त्याच्या घरी आली. रात्री तो टिपणे काढी, दुपारी तोंडी सांगे, ती घरी जाऊन लघुलिपीचे लिप्यंतर करी. २९ ऑक्टोबर रोजी, म्हणजे २६ दिवसांत, ‘जुगारी’ ही कादंबरी पूर्ण झाली. हस्तलिखित देण्याच्या दिवशी प्रकाशक गावाबाहेर गेला होता आणि त्याच्या कार्यालयाने ते स्वीकारण्यास नकार दिला. अखेर ते पोलीस ठाण्यात जमा करून तारखेची पावती घेण्यात आली. दोस्तोयेव्हस्कीच्या आयुष्यातील हा एकमेव मोठा डाव असा की जो त्याने खरोखर जिंकला. आणि तो नशिबावर जिंकला नव्हता, दोघांच्या नियमित श्रमांनी जिंकला होता.

कादंबरीचे कथानक रूलेटेनबुर्ग या कल्पित जर्मन गावात घडते. निवेदक अलेक्सेय इवानोविच हा एका कर्जबाजारी जनरलच्या घरचा शिक्षक. जनरलची सावत्र मुलगी पोलिना हिच्यावर त्याचे दास्यवजा प्रेम आहे. जिच्या मृत्यूची आणि वारशाची सारे वाट पाहत आहेत, ती वृद्ध आजी एके दिवशी मॉस्कोहून स्वतःच येऊन ठेपते, शून्यावर पैसे लावून जिंकते आणि मग सर्व गमावते. अलेक्सेय पोलिनाला सोडवण्यासाठी खेळू लागतो, अफाट जिंकतो. मात्र जिंकता जिंकताच पोलिना त्याच्या मनातून मागे सरते. शेवटी तो एका द्यूतगृहातून दुसऱ्यात फिरणारा, उद्याच्या भरवशावर जगणारा माणूस होऊन उरतो. मिखाइलने विचारलेल्या ज्या प्रश्नाला तीन वर्षांपूर्वी पत्रात उत्तर मिळाले नव्हते, त्याचे प्रामाणिक उत्तर येथे मिळते. प्रेमासाठी खेळायला बसलेला माणूस खेळासाठी प्रेम सोडतो.

यातून एक अस्वस्थ करणारा निष्कर्ष निघतो. आपल्या व्यसनाचे इतके अचूक निदान शब्दांत मांडल्यावरही लेखक व्यसनमुक्त झाला नाही. फेब्रुवारी १८६७ मध्ये आन्नाशी विवाह झाला, एप्रिलमध्ये दोघे परदेशी निघाले आणि त्यानंतरची चार वर्षे जुगाराची सर्वांत वाईट वर्षे ठरली. साहित्य म्हणजे रोगमुक्ती, हे समीकरण निदान येथे टिकत नाही. जाणीव आणि वर्तन यांतील ही दरी पुढे त्याच्या श्रेष्ठ पात्रांचे लक्षण बनली; त्याने ती प्रथम स्वतःत अनुभवली होती.

६

या प्रवासासाठी आन्नाने आपल्या हुंड्यातील फर्निचर, पियानो आणि चांदी गहाण टाकली होती. मे १८६७ मध्ये तिला ड्रेस्डेनला ठेवून दोस्तोयेव्हस्की चार दिवसांसाठी होम्बुर्गला गेला आणि सुमारे दहा दिवस राहिला. तेथून जवळजवळ रोज पत्र येई. प्रत्येक पत्राची घडण सारखीच आहे : आज जिंकल्याचा किंवा हरल्याचा वृत्तान्त, स्वतःची निर्भर्त्सना, पत्नीच्या थोरवीचे वर्णन, पैसे पाठवण्याची विनंती आणि लगेच परतण्याचे वचन. परतीच्या भाड्यासाठी पाठवलेले पैसेही त्याने हरले. ही पत्रे म्हणजे पराभव पचवण्याची त्याची रीत होती. कबुली देताच मन हलके होई. मन हलके झाले की पुन्हा चाकाकडे जाता येई.

जुलै आणि ऑगस्टमधील सुमारे सात आठवडे दोघे बाडेन-बाडेनला होते. राहण्याच्या दोन खोल्या लोहाराच्या भट्टीच्या वर होत्या. पहाटेपासून घणांचा आवाज येई. आन्ना गरोदर होती, तिला सतत मळमळे. विवाहानिमित्त पतीने दिलेली कर्णभूषणे आणि ब्रोच, विवाहाच्या अंगठ्या, त्याचा कोट, तिचे कपडे, अशा वस्तू क्रमाक्रमाने गहाण पडत गेल्या. अंगठ्या सोडवता आल्या. कर्णभूषणे आणि ब्रोच परत आले नाहीत. सभापर्वात पत्नी पणाला लागते तेव्हा ती भरसभेत प्रश्न विचारते. बाडेनच्या त्या खोलीत प्रश्न लघुलिपीत लिहिला गेला.

येथे आन्नाच्या दोन साक्षींतील अंतर जाणवते. आठवणींत ती शांत, सर्व समजणारी पत्नी आहे. हा इच्छाशक्तीचा साधा अभाव नसून माणसाला ग्रासणारी आसक्ती आहे, तिच्याशी वाद घालून उपयोग नाही, म्हणून आपण एकदाही दूषण दिले नाही, अशी तिची भूमिका आहे. दैनंदिनीतील वीस-एकवीस वर्षांची मुलगी मात्र रडते, उरलेली नाणी मोजते, पतीच्या हातात पैसे देताना मनातून चिडते, त्याच्या नातेवाइकांना पाठवल्या जाणाऱ्या रकमांचा राग करते आणि तो परतल्यावर त्याला सावरते. दैनंदिनीसाठी तिने वापरलेली लघुलिपी तिच्या स्वतःच्या खुणांमुळे इतरांना दुर्बोध होती. त्यातील काही भाग तिने उत्तरायुष्यात स्वतः उतरवून काढला. उरलेल्या भागाचे वाचन विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात होऊ शकले. दोन्ही साक्षी एकत्र वाचल्यावर असे दिसते की, आन्नाची शांतता हा स्वभाव नव्हता. ते तिने दररोज नव्याने केलेले काम होते. दोस्तोयेव्हस्कीच्या हरण्याची रीत चरित्रकारांना ठाऊक आहे. आन्नाची हरण्याची रीत याहून वेगळी होती. ती हरलेले मोजत होती आणि उरलेले राखत होती.

ऑगस्टच्या अखेरीपासून त्यांचा मुक्काम जिनीव्हात होता. तेथूनही दोस्तोयेव्हस्की साक्सों-ले-बाँ येथील द्यूतगृहात गेला. १८६८ च्या वसंतात, कन्या सोन्याच्या जन्मानंतर, पुन्हा गेला. सोन्या मे १८६८ मध्ये तीन महिन्यांची होण्यापूर्वीच वारली. ही हानी कोणत्याही पत्रात मांडून हलकी करता येण्यासारखी नव्हती, आणि ती परत मिळवून देणारा कोणताही डाव नव्हता. त्या काळात ‘इडियट’चे क्रमशः प्रकाशन चालू होते. कादंबरीचे पुढचे भाग वेळेवर देण्यास लेखक बांधलेला होता, कारण मोबदला आधीच खर्च झालेला होता. ‘इडियट’च्या काही प्रकरणांतील घाई आणि विस्कळितपणा यांचे एक कारण येथे आहे. जुगाराने लेखनाला चालना दिली असे म्हणताना त्याने लेखनाचे काय हिरावून घेतले, हेही सांगायला हवे. तुर्गेन्येव्ह किंवा तोलस्तोय यांना संपादनासाठी, पुनर्लेखनासाठी जो निवांतपणा लाभे, त्याचा हेवा दोस्तोयेव्हस्कीने आयुष्यभर केला.

७

शेवटचा डाव एप्रिल १८७१ मध्ये वीस्बाडेन येथे झाला, जेथे पहिला मोठा विजय मिळाला होता तेथेच. ड्रेस्डेनमधील उदास वातावरणात लेखन अडले होते. आठवणींत आन्ना सांगते की, तिनेच पतीला जाऊन नशीब अजमावण्याचे सुचवले. पैसे हरणार हे तिने गृहीत धरले होते, परंतु परतल्यावर तो लिहू लागेल असा तिचा अनुभव होता. ती त्या वेळी पुन्हा गरोदर होती. तो हरला, परतीसाठी मागवलेले पैसेही हरला. रात्री तो तेथील रशियन धर्मगुरूच्या शोधात निघाला, अनोळखी रस्त्यांवर वाट चुकला आणि ज्याला तो रशियन चर्च समजला ते ज्यूंचे सिनेगॉग निघाले. खोलीवर परतून त्याने पत्नीला पत्र लिहिले. सुमारे दहा वर्षे छळणारी ही कल्पना आता नष्ट झाली असल्याचे त्याने कळवले. त्या दिवसांत वडील भयप्रद रूपात स्वप्नात आल्याचेही त्याने लिहिले.

असे वचन यापूर्वी अनेकदा दिले गेले होते, त्यामुळे आन्नाने त्यावर विश्वास ठेवला नाही. मात्र या वेळी ते खरे ठरले. दोस्तोयेव्हस्की पुन्हा कधीही खेळला नाही. १८७२ च्या अखेरीस जर्मनीतील द्यूतगृहे कायद्याने बंद झाली, त्यामुळे मोहच उरला नाही, असा आक्षेप घेता येतो. तो पूर्ण समाधानकारक नाही. मोनाको येथील दालने उघडी होती, आणि १८७४ ते १८७९ या काळात तो उपचारांसाठी चार वेळा जर्मनीत एम्स येथे गेला, पण द्यूतगृहाच्या शोधात सीमा ओलांडून गेला नाही.

ही मुक्ती कशी घडली? सिग्मंड फ्रॉइडने १९२८ च्या आपल्या निबंधात दोस्तोयेव्हस्कीचा जुगार हा पितृद्वेषातून उपजलेल्या अपराधभावनेची आत्मशिक्षा मानला. सर्वस्व गमावल्यावर शिक्षा पुरी होई आणि लेखनाची वाट मोकळी होई, असे त्याचे प्रतिपादन होते. १८७१ मधील स्वप्न या मताला अनुकूल वाटते. तथापि फ्रॉइडच्या हाताशी असलेली चरित्रविषयक माहिती सदोष होती, हे जोसेफ फ्रँक यांनी आपल्या चरित्राच्या १९७६ मधील पहिल्या खंडात दाखवून दिले आहे. शिवाय आत्मशिक्षेचा सिद्धान्त खेळाची सुरुवात आणि पुनरावृत्ती समजावतो. शेवट समजावत नाही.

शेवटाचा विचार करताना एका साध्या गोष्टीकडे लक्ष द्यावे लागते. जुलै १८७१ मध्ये कुटुंब रशियात परतले आणि काही दिवसांतच मुलगा फ्योदोर जन्मला. घराचे अर्थकारण आन्नाने हाती घेतले. धनकोंशी बोलणी तिने केली, हप्ते तिने ठरवले आणि १८७३ मध्ये ‘पछाडलेले’ ही कादंबरी पतिपत्नींनी स्वतः प्रकाशित केली, पुस्तकविक्रेत्यांशी व्यवहार तिने राहत्या घरून केला. रूलेटने नेहमी एक आश्वासन दिले होते : एका फेरीत सारी कर्जे फिटतील. आन्नाने ती कर्जे वर्षानुवर्षे, रूबलमागून रूबल फेडली. ती पुरी फिटली तेव्हा दोस्तोयेव्हस्कीच्या आयुष्याचे जेमतेम वर्षभर उरले होते. एका क्षणात सुटका होण्याची गरजच या संथ व्यवस्थेने संपवली, असे मानण्यास जागा आहे.

द्यूत त्याच्या लेखनात मात्र राहिले. १८७५ मधील कादंबरीत किशोरवयीन अर्कादी पीटर्सबर्गच्या खासगी अड्ड्यांवर रूलेट खेळतो आणि तेथे चोरीचा आळ सोसतो. ‘करामाझव बंधू’मध्ये मोक्रोये येथील रात्री दिमित्री लबाड पोलिश खेळाडूंशी पत्ते खेळतो. आता ही दृश्ये रचणारा लेखक टेबलापासून दूर होता. पूर्वी तो हरत असताना लिहीत होता. आता हरणे काय असते हे जाणून लिहीत होता. त्याच्या सर्वांत सुघटित कादंबरीचे लेखन जुगार सुटल्यानंतरच्या स्थिर वर्षांत, १८७८ ते १८८० या काळात झाले, ही वस्तुस्थिती पराभवाला प्रतिभेचे इंधन ठरवणाऱ्या मताविरुद्ध पुरेशी बोलकी आहे.

२८ जानेवारी १८८१ रोजी दोस्तोयेव्हस्कीचे निधन झाले. आन्ना १९१८ पर्यंत जगली. तिने पुन्हा विवाह केला नाही. पतीची हस्तलिखिते, पत्रे आणि वस्तू यांचा सांभाळ हे तिच्या उर्वरित आयुष्याचे कार्य ठरले. ज्यांत तो दीन, खोटे बोलणारा आणि याचक दिसतो, ती द्यूतगृहांतून आलेली पत्रेही तिने जपून ठेवली. बाडेनमध्ये तिचे दागिने गेले. त्या नुकसानीचा हिशेब मात्र तिने भावी वाचकांसाठी राखून ठेवला.